सीतादह्याची वाटी

मंचेरियल
१४ जानेवारी १९८४

ती. दादांना,
जयवंताचा नमस्कार.

पत्राच्या डोक्यावर ‘श्री’ नाही, हे तुम्ही सगळ्यांत आधी पाहाल. पाहा. विसरले नाही, मुद्दामच लिहिला नाही. तुमच्यापासून काही लपवायचं नाही, असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

दोन महिने तुमच्या कार्डाची वाट पाहिली. दर संक्रांतीला वहिनी कुणाच्या तरी हाती तिळाचे लाडू पाठवायची, या वेळी तेही आले नाहीत. म्हणजे राग दोघांचाही आहे.

सीतादह्याच्या दिवशी जे झालं ते झालं. कापसाचं पहिलं बोंड वेचायच्या आधी शेताच्या धुऱ्यावर पाच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा आणि मग तोच वेचणाऱ्या बायांना वाटायचा, ही आपल्या घरची रीत मला का ठाऊक नाही? आईच्या मागे वाटी घेऊन मीच तर जायची. पण गेल्या वर्षापासून मी येशूला मानायला लागले आहे. वहिनीनं वाटी माझ्या हातात दिली तेव्हा मला जे खरं वाटलं ते मी बायांपुढं बोलले. कापूस दगड देत नाहीत, देणारा वर आहे, एवढंच. यात काय वाईट बोलले? बोलण्याच्या भरात हात लागून वाटी सांडली, त्याला मी काय करणार? सखूबाईनं कापूस वेचायची कमरेची ओटी सोडली आणि बाकीच्या आठजणी तिच्यामागे निघून गेल्या. दहीभात सांडलेल्या शेतात वेचणार नाही म्हणे. त्या भित्र्या, यात माझा काय दोष? आणि आठ दिवस बोंडं फुटून तशीच उभी राहिली, वर पाऊस पडला, कापूस पिवळा पडला, तर तो पाऊस काही मी बोलावला नव्हता.

तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, “माया धुऱ्यावर पाय ठिवू नको.” सख्ख्या बहिणीला. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची. तुम्ही मला खांद्यावर बसवून बासरला नेलं, सरस्वतीपुढं माझा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर काढलं. त्याच अक्षरांनी आज तुमच्याशी भांडते आहे, हे तुमचंच पुण्य.

सोबत एक छोटी पुस्तिका पाठवते. सोळाच पानं आहेत. रागात वाचू नका, जेवण झाल्यावर वाचा. वहिनीला वाचून दाखवा.

तुमची
जयवंता

२ मार्च १९८४

ती. दादा,

पुस्तिका परत आली. खाकी कागदात गुंडाळून, वर सुतळी, आणि सुतळीला तुम्ही बैलाच्या दाव्याला मारता ती गाठ. कात्री लावावी लागली. आत चिठ्ठी नाही. कागद उलटसुलट करून पाहिला, उजेडाला धरून पाहिला.

पण माझं पत्र परत आलं नाही!

मी हे ह्यांना दाखवलं. तुमचे मेहुणे आयुष्यभर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बसलेले, त्यांना तसंच सुचतं. म्हणाले, “अर्धा माल उतरवून घेतला आणि अर्धा परत केला. म्हणजे पत्ता बरोबर आहे.” मी आणखी चार पुस्तिका पाकिटात घालून ठेवल्या होत्या, त्या ह्यांनी काढून घेतल्या. “जयवंता, तू सिग्नल पडायच्या आधीच गाडी सोडतेस,” म्हणाले. मला राग आला. ह्यांचा बाप्तिस्मा माझ्यानंतर चार महिन्यांनी झाला आणि मला शिकवतात!

पुस्तिका आता पाठवत नाही. पत्र पाठवत जाईन. ठेवून घेत जा.

जयवंता

१९ ऑगस्ट १९८५

ती. दादा,

मधली चार पत्रं पोचली असतील. एकही परत आलं नाही म्हणून हे पाचवं लिहिते.

तुम्हाला सांगितलं नव्हतं, मी आता ब्लाउज शिवते. ओसरीत मशीन मांडली आहे. कोळसा कॉलनीतल्या बायका येतात, बहुतेक तेलुगू. माझं तेलुगू ऐकून त्यांना हसू येतं, पण मी गळा चांगला कापते, त्यामुळे हसून झालं की कापड काढून देतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारलं असतंत की जयवंता, तुला हे कुणी शिकवलं, तर मी सांगितलं असतं, एस्तेरम्मानं. आमच्या मागच्या ओळीत राहते. नवरा खाणीत. मी विषमज्वरानं पडले होते ते आठवतं? तुम्ही येऊन गेला होतात. तुम्ही गेल्यावर एस्तेरम्मा दीड महिना रोज सकाळी नळावरून माझे दोन हंडे भरून आणून द्यायची. शेजारीपाजारी असं एक-दोन दिवस करतात. ही दीड महिना! आणि देवाचा एक शब्द नाही. हंडे ठेवायची, कपाळाला हात लावून पाहायची आणि जायची. शेवटी मलाच राहवेना. विचारलं, “अक्का, तू हे का करतेस?” तेव्हा ती पाटावर बसली आणि म्हणाली, “विचारलंस ना? मग सांगते.” त्या दिवशी मला सगळं कळलं असं नाही. पण मी ऐकलं. पुढं सहा महिने मीच विचारत गेले आणि ती सांगत गेली.

आता माझी गंमत सांगते. ब्लाउजाचं माप घेताना बाई दोन्ही हात पसरून उभी असते, तिच्याभोवती माझी फीत असते. मी म्हटलं, वा, ही कुठं जाते आता! दंडाचं माप घेताना पाप, छातीचं माप घेताना क्षमा, उंची घेईपर्यंत स्वर्ग. एकेका बाईला मी असं तीन-तीनदा ऐकवलं. आषाढापर्यंत माझ्याकडे चौदा-पंधरा बायका होत्या. श्रावणात, ऐन सणासुदीत, चार उरल्या. बाकीच्या पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याकडे जायला लागल्या. तो पाठीत झोळ ठेवतो, तरी.

एस्तेरम्माकडे गेले रडत. म्हटलं, “बघ, वचन ऐकायला कुणी तयार नाही.” तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसली. मग म्हणाली, “गट्ल कादक्का. असं नसतं. फितीत बांधलेली बाई ऐकत नाही, सुटायची वाट बघते. नळावर तुझ्या हंड्याची पाळी येईपर्यंत उभी राहतेस की नाही? मग माणसापाशी कसली घाई?”

मी म्हटलं, “पण पाळी आलीच नाही तर?”

“येते. तू लक्ष ठेव. पाळी आली आणि तू तिथं नसलीस, तर मात्र चूक तुझी.”

दादा, हे तुम्हाला का लिहिते ते मलाही नीट सांगता येत नाही. लिहिता लिहिता आपलं शेत आठवलं. पुढं लिहवत नाही.

वहिनीला सांगा, तिच्या मापाचा एक ब्लाउज शिवून ठेवला आहे. हिरव्या खणाचा. माप जुनंच आहे, दंड वाढले असतील तर आतून दोन बोटं कापड सोडलं आहे.

जयवंता

२६ नोव्हेंबर १९८६

ती. दादा,

या वर्षीचं सीतादही झालं असेल. पहिली वेचणी उरकली असेल. मी इथं बसून रोज आभाळ पाहत होते, ढग आला की मशीन थांबवून अंगणात येत होते. आला नाही पाऊस. बरं झालं.

परवा एक गोष्ट घडली. वनमालाबाई म्हणून आहेत, इथल्या बँकेतल्या साहेबांच्या पत्नी. आपलेच मराठी लोक, तीन पिढ्यांपासून आदिलाबादला. गुरुवार करतात, सोवळंओवळं कडक. मराठीत बोलायला मिळतं म्हणून माझ्याकडे शिवायला टाकतात. मी त्यांच्यापाशी कधीच देवाचं काढलं नाही. आधी भीतीनं, मग एस्तेरम्माचं ऐकून.

परवा दुपारी आल्या त्या पिशवी मांडीवर घेऊन बसूनच राहिल्या. मी म्हटलं, “काकू, कापड?” तेव्हा त्यांनी एक शिवलेलाच ब्लाउज काढला. निळ्या रेशमाचा. त्यांची मुलगी गेल्या वैशाखात गेली, बाळंतपणात. तिचा होता तो. म्हणाल्या, “हा उसवून माझ्या मापाचा करता येईल का?”

दादा, तो होणार नव्हता. मुलगी बारीक होती, या थोराड. कापडच पुरणार नाही, हे मला पाहताक्षणी कळलं आणि त्यांनाही ठाऊक असावं. दोन वर्षांपूर्वीची मी असते तर लगेच स्वर्गाचं सुरू केलं असतं. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी मशीनवरचं काम बाजूला केलं, ब्लाउज मांडीवर घेतला आणि बगलेतून शिवण उसवायला लागले. सावकाश, एकेक टाका. असा अर्धा तास गेला. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

मग त्याच म्हणाल्या, “तुम्ही प्रार्थना करता म्हणे.”

“करते.”

“काय म्हणता?”

“जे असेल ते म्हणते. तुमच्याशी बोलते तसंच.”

“माझ्यासाठी म्हणाल काही? इथं, आत्ता?”

मी ब्लाउज हातात तसाच धरून डोळे मिटले. तीन-चारच वाक्यं बोलले. प्रभू, ही आई आहे. तिची मुलगी तुझ्याकडे आहे. तिला आज झोप लागू दे. बाकी सगळी पाठ केलेली वाक्यं कुठं गेली कोण जाणे, एकही आठवलं नाही. डोळे उघडले तर काकू रडत होत्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा रडले, म्हणाल्या.

निळ्या रेशमाच्या मी दोन बाह्या काढल्या आणि त्यांच्या पांढऱ्या ब्लाउजाला जोडून दिल्या. काल घालून आल्या होत्या. येत्या गुरुवारी त्यांची पूजा आहे, ती त्या करतीलच. पण निघताना दारात थांबून म्हणाल्या, “तुमचा तो येशू, तो रडला होता का हो कधी कुणासाठी?” मी म्हटलं, “रडला होता, मित्राच्या थडग्यापाशी.” म्हणाल्या, “सांगा मला एकदा निवांत.”

मला फार आनंद झाला. उड्या माराव्याशा वाटल्या. संध्याकाळी हे आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं, भाकरी करपवली, ती त्यांनी तशीच खाल्ली. पण दिवा मालवून पडले आणि आनंदाच्या पाठोपाठ दुसरंच काही वर आलं. ते या पत्रात मावणार नाही. वेगळं लिहिते.

जयवंता

९ डिसेंबर १९८६

ती. दादा,

तेरा दिवस झाले. रोज कागद काढते आणि ठेवते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की बोलण्याच्या भरात हात लागून वाटी सांडली. ते खरं नाही. वाटी सांडली नव्हती. मी उपडी केली.

आई गेल्यानंतरचं ते पहिलं सीतादही होतं. वाटी आईची होती, काशाची, काठाला बारीक चीर असलेली. वहिनी घरची मोठी सून, मान तिचा होता. तो तिनं मला दिला. म्हणाली, “आईमागं हे तुमीच करा, जयवंताबाई.” तिला वाटलं, लेकीला बरं वाटेल. आणि मी ती वाटी घेतली, नऊ बायांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दगडांपुढं पालथी केली. काही झालं का मला, वीज पडली का, असंही विचारलं. मला वाटत होतं मी फार मोठं काम करते आहे.

त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. एकीनंही नाही. एस्तेरम्मानं माझ्यासाठी दीड महिना पाणी वाहिलं, मी वहिनीसाठी तितकाही वेळ थांबले नाही. वनमालाकाकूंच्या मुलीचा ब्लाउज मांडीवर घेतला तेव्हा मला आईची वाटी आठवली. परक्या बाईच्या लेकीची वस्तू मी इतकी जपून उसवली आणि माझ्या आईची वस्तू मातीत पालथी घातली.

येशूला मानलं याची माफी मागत नाही. ते मी मरेपर्यंत मानणार. पण वाटीची माफी मागते. वहिनीची आधी, मग तुमची. पिवळ्या पडलेल्या कापसाचीही. सखूबाई आणि त्या बाया भित्र्या नव्हत्या. मीच उद्दाम होते.

आणि खोटं लिहिलं त्याची वेगळी माफी. ‘तुमच्यापासून काही लपवायचं नाही’ असं वर लिहून खाली लपवलं.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. पण पत्र ठेवून घ्या.

जयवंता

११ जानेवारी १९८७

ती. दादा,

कार्ड मिळालं. तीन वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. सगळं मोडीच्या वळणाचं, पटवाऱ्याच्या दप्तरात शिकलेलं, तसंच. मला तोंडपाठ झालं आहे, तरी पुन्हा उतरवून काढते, मला लिहायलाही गोड वाटतं म्हणून.

“पत्र पावलं. मजकूर कळला. वाटी तू उपडी केली हे मी पाहिलं होतं. गाडी सोडून तुमच्याकडंच येत होतो. तू कधी लिहितेस याची वाट पाहत होतो. देव ज्याचा त्यानं पाहावा. पण खोटं आपल्या घरात चालत नाही. तुझ्या वहिनीची तब्येत बरी आहे. वाटी घरी आहे. उद्धव.”

पाहिलं होतं! तीन वर्षं मी तुम्हाला खरा देव समजावत होते आणि तुम्ही माझ्या एका खऱ्या वाक्यासाठी थांबला होतात. देणारा वर आहे हेही मी लिहिलं आणि हात लागून सांडली हेही लिहिलं, वर पुस्तिका. सगळं एकाच पाकिटात. तुम्ही त्यातलं कशावर म्हणून भरवसा ठेवायचा?

कार्ड आलं त्या दिवशी मला सुईत दोरा ओवता येईना, डोळे सारखे भरत होते. एस्तेरम्मानं ओवून दिला. कार्डात काय आहे ते तिला तेलुगूत सांगितलं तर म्हणाली, “तुझा भाऊ मला आवडला. त्यालाही थांबता येतं.”

एक हट्ट करते. माझी सगळी पत्रं ठेवली आहेत का, हे एकदा कळवा. पुस्तिकेबद्दल विचारत नाही.

तुमची
जयवंता

२० ऑक्टोबर १९८७

ती. दादा,

तुमचं दुसरं कार्ड. “दिवाळीनंतरच्या सोमवारी पहिली वेचणी. यावं. पत्रं पेटीत आहेत.”

यावं! मला की पाहुण्याला? पण मी मान अपमान पाहत नाही, येते. निर्मलला बस बदलून संध्याकाळपर्यंत बोथला पोचते. हे स्टेशनवरून सुटी मिळाली तर येतील.

एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे शेतात पुन्हा घोळ नको. मी दगडांना हळदकुंकू वाहणार नाही आणि देवापुढं ठेवलेला दहीभात मला खाता येणार नाही. हे आडमुठेपण नाही, माझं मन तसं घडलं आहे. पण मी काही बोलणारही नाही. तुम्ही तुमचं करा, मी धुऱ्याला उभी राहीन. मला फक्त त्या बायांची माफी मागायची आहे. हे चालत नसेल तर कार्ड टाका, मी येणार नाही आणि रागावणारही नाही.

खरं सांगू? थोडी रागावेन.

जयवंता

९ नोव्हेंबर १९८७

ती. दादा,

सुखरूप पोचले. वहिनीनं दिलेली ज्वारी, शेंगा, लोणचं सगळं पोचलं. हिरवा ब्लाउज तिला दंडात घट्ट झाला, त्याचा आतला दोरा तिला उसवू नका म्हणावं, पुढच्या वेळी मी करून देईन.

बोथच्या स्टँडवर बस लागली तेव्हा तुम्ही विचारलंत, “ते सखूबाई दिवसभर तुले काय इचारून राह्यली होती?” आणि तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. चार वर्षांत तुम्ही मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी खिडकीतून ओरडले, “लिहिते!” तेच आता लिहिते. शेतात तुम्ही बैलगाडीपाशी उभे होतात, तिथून तुम्हाला आमचं काही ऐकू आलं नसणार.

पाच दगड मांडून झाले. वहिनीनं सगळं तिच्या रीतीनं केलं. मी लिंबाखाली उभी होते, तोंडाला कुलूप लावून. बायांनी दहीभात घेतला, ओट्या बांधल्या. तेव्हा मी पुढं झाले. दादा, रात्रभर मी मनात जुळवलं होतं काय बोलायचं ते. पण समोर त्याच बाया पाहिल्या आणि ते सगळं राहिलं. मी खाली बसले, मातीत हात टेकले आणि म्हटलं, “बायांनो, चार वर्षांपूर्वी इथं मी तुमच्या अन्नाचा अपमान केला. मला माफ करा.”

मग सखूबाई पुढं आली. तिचं एक बुबुळ आता पांढरं पडलं आहे, पाहिलंत? माझ्या दंडाला धरून म्हणाली, “उठा वो बाई. चिखलाचे होतीन लुगडे.” मी उठले. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “तवा तर तुमी म्हनत होत्या का तुमचा देव लई मोठा. मंग मोठ्या देवाची मानूस आमच्यासारख्या बायांपुढं काऊन वाकून राह्यली?”

दादा, मला नळावरचं आठवलं. पाळी आली होती.

मी म्हटलं, “त्यानंच वाकायला शिकवलं, सखूबाई. मरायच्या आदल्या रात्री तो स्वतः आपल्या माणसांचे पाय धुवायला बसला होता.”

“कोन? देव?”

“हो.”

“पाय धुतले? मानसायचे?”

“चिखलाचे. एकेकाचे. जो त्याला धरून देणार होता, त्याचेही.”

तिनं तोंडावर पदर धरला. बाकीच्या बाया आपापल्या ओळीला लागल्या होत्या. सखूबाई म्हणाली, “आमाले तं उभं राहून आयकाले येळ नाही. तुमी माया बाजूच्या ओळीत या. येचता येचता सांगा.”

म्हणून मी दिवसभर तिच्या शेजारच्या ओळीत वेचत होते. तुम्हाला वाटलं असेल, हौस. हाताची सवय सुटली आहे आता, बोंडाच्या टोकांनी बोटं फाटली, आज मशीनवर बसले तर सुई धरवत नाही. ती विचारत गेली तेवढंच मी सांगितलं. पाय धुतले तर पाणी कुणी आणलं, असं विचारलं. मी म्हटलं, तेही त्यानंच. त्याची माय होती का तिथं? मेला तेव्हा होती, म्हटलं. मग ती एक अख्खी ओळ नुसती वेचत गेली, मीही तिच्या जोडीनं वेचत गेले. ओळ संपल्यावर म्हणाली, “माया सुधाम मेला तवा मी बी होती.” तिचा मुलगा विहिरीत गेला होता, ते मला माहीत नव्हतं. दोघी बांधावर बसून पाणी प्यायलो. एवढंच झालं, दादा. सखूबाई उद्या उठून काही बदलणार नाही. पण तिनं विचारलं आणि मी तिथं होते.

आता वहिनीचं. हे तुम्हाला तिनं सांगितलं नसेल, ती सांगणारच नाही.

दुपारी सगळ्या भाकरी सोडून बसल्या तेव्हा वहिनी फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन लिंबाखाली आली. फडकं सोडलं तर आईची वाटी. काठाला चीर तशीच. आत दहीभात. मी तिच्याकडे पाहिलं. खाता येत नाही हे मी यायच्या आधीच लिहिलं होतं, तुम्ही तिला वाचून दाखवलं होतं. आता नाही कसं म्हणायचं आणि खायचं कसं? तेवढ्यात ती माझ्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, “हे देवापुढं नाही ठिवलं वो, बाई. सकाळी घरीच, दगडापाशी न्यायच्या आंदी तुमच्यासाठी येगळं काढून ठिवलं. खा.”

सकाळी घरीच, दादा. कुणाला काही न बोलता तिनं आधी माझ्यासाठी काढलं आणि मग पूजेचं भरलं. मी तिचा मान मातीत घातला होता, त्या बाईनं.

मी डोळे मिटून आभार मानले. ती शेजारीच पाय पसरून बसून राहिली, माझं होईपर्यंत. मग मी खाल्लं. दही थोडं आंबट होतं, मीठ बेताचं, वर जवसाची चटणी. शेवटी बोटानं वाटी पुसून घेतली, आई आमच्यावर ओरडून पुसायला लावायची तशी, अगदी शीत न ठेवता. रिकामी वाटी वहिनीच्या हातात दिली तेव्हा तिनं ती उलटी धरून पाहिली आणि आम्ही दोघी हसलो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पाकिटात आणखी काही नाही, झटकून पाहू नका.

तुमची धाकटी
जयवंता